नाइकान: पडद्याआड बसून केलेला हिशोब

गोल्डन वीकला (इथे जपानात एप्रिल-मेमध्ये लागून येणाऱ्या सुट्ट्या) मी कुठे गायब होते, फोन का बंद होता, हे इतक्या जणांनी विचारलंय की एकदाच सगळं लिहून टाकते म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगत बसायला नको. नाइकान करायला गेले होते, म्हणजे एकटीने बसून स्वतःला तपासायची एक जपानी पद्धत. आणि हो, पुढचा प्रश्न माहितीये मला, "म्हणजे विपश्यनेसारखंच ना?" तर नाही. माझ्या मावसभावाने इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांचा कोर्स केलाय, तो जे सांगतो त्यावरून दोन्हीत साम्य एवढंच की पहाटे उठायचं आणि गप्प बसायचं. तिथे आधी श्वास, मग अंगावरच्या संवेदना, आणि मनात जुनं काही आलं तर त्याच्या मागे जायचं नाही. इथे जुन्याच्याच मागे जायचं असतं, दिवसभर, पण मोकाट नाही. तीन प्रश्न दिलेले असतात आणि त्यांच्या बाहेर पडायचं नाही.

एक माणूस घ्यायचा. त्याने माझ्यासाठी काय केलं? मी त्याला परत काय दिलं? माझ्यामुळे त्याला काय त्रास झाला? बास. सुरुवात बहुतेक सगळ्यांची आईपासून, आई नसेल तर ज्याने वाढवलं त्याच्यापासून.

ही पद्धत काढली योशिमोतो इशिन या माणसाने (१९१६-१९८८). नारा प्रांतातल्या यामातोकोरियामा गावचा, हे गाव सोनेरी माशांच्या पैदाशीसाठी जपानभर माहितीये. घरचं वातावरण जोदो शिनशू पंथाचं, म्हणजे अमिदा बुद्धाला शरण जाणारा पंथ. त्यातल्या काही लोकांत मिशिराबे नावाचं एक भयंकर व्रत होतं, अन्न नाही, पाणी नाही, झोप नाही, नुसतं बसायचं आणि आत्ता या क्षणी मेलो तर माझं काय होईल या विचाराने आपलं आयुष्य उकरायचं. या माणसाने ते पुन्हा पुन्हा केलं, अर्धवट सुटलं, परत बसला, शेवटी १९३७ साली त्याला जे हवं होतं ते मिळालं. मला आवडली ती पुढची गोष्ट. मिळाल्यावर हा माणूस महाराज होऊन बसला नाही. त्याला वाटलं हे कोणालाही करता आलं पाहिजे, मग त्यातला उपास काढला, जागरण काढलं, गुप्तता काढली, पंथाचं कर्मकांडसुद्धा बाजूला केलं आणि शेवटी हे तीन प्रश्न उरले. स्वतः धंदेवाला माणूस होता, कंपनी चालवायचा, म्हणूनच की काय त्याच्या पद्धतीला जमाखर्चाचा वास आहे. १९५३ मध्ये गावातच केंद्र काढलं. पुढे हे जपानच्या तुरुंगांत गेलं, मुलांच्या सुधारगृहांत गेलं, दारू सोडवणाऱ्या हॉस्पिटलांत गेलं, आणि ऑस्ट्रिया-जर्मनीतही नाइकानची घरं निघाली.

आता मी का गेले. खरं सांगायचं तर अध्यात्माची ओढ वगैरे काही नव्हती. कराडचं आमचं घर वडिलोपार्जित, बाबा जाऊन काही वर्षं झाली, आणि आईने फोनवर अगदी सहज, दळण आणायला सांगावं तसं सांगितलं की येशील तेव्हा हक्कसोडपत्रावर सही करून जा, दादाला कर्ज काढून वरचा मजला चढवायचाय. माझा हक्क आहे हे मला माहिती होतं, मुलींचा हक्क कायद्याने आहे हे आता सगळ्यांनाच माहितीये, आणि तो सोडायला सांगणारी आई आहे हेच मला लागलं. मी म्हटलं दादाला इंजिनिअरिंग, मला बी.कॉम., दादाला गाडी, मला एस.टी., आता घरपण दादाला. ती म्हणाली तुला काय कमी केलं गं आम्ही? मी फोन कट केला. त्यानंतर कित्येक महिने आमचं बोलणं म्हणजे सणाला मेसेज, हार्टचा इमोजी.

ऑफिसात एक वयस्कर सहकारी आहेत, त्यांनी तरुणपणी नाइकान केलेलं. त्यांनी "जाऊन ये" असं म्हटलं नाही, जपानी माणूस असं म्हणत नाही, त्यांनी फक्त एक माहितीपत्रक माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, वेळ असेल तर.

ओसाका नांबाहून किन्तेत्सु लाइनने सैदाइजीला बदलून नारा भागातच एका वस्तीत जायचं होतं. मला वाटलेलं देऊळ असेल, डोंगर असेल, धुकं असेल. साधं दुमजली घर होतं, समोर कोबी लावलेला, शेजारच्यांच्या बाल्कनीत गाद्या वाळत घातलेल्या. केंद्र चालवणारं जोडपं म्हातारं होतं, त्यातले सेन्सेई, म्हणजे गुरुजी, सत्तरीच्या पुढचे, आणि त्यांची बायको, म्हणजे काकू. रविवारी दुपारी गेले, फोन काढून पिशवीत टाकला, पिशवी कपाटात. मी शाकाहारी आहे हे आधीच मेल केलं होतं, म्हणजे मासळीचा दाशी, सूपात घालतात तो अर्कसुद्धा चालत नाही हे कळवलेलं, आणि काकूंनी आठवडाभर माझ्यासाठी कोंबूचं, म्हणजे समुद्रातल्या शेवाळाचं पाणी काढून वेगळा मिसो सूप केला. हे तेव्हा मी गृहीतच धरलं होतं, पैसे भरलेत ना म्हणून.

बसायची जागा म्हणजे तातामीच्या (गवती चटया अंथरलेल्या) खोलीचा कोपरा आणि समोर घडीचा पडदा, ब्योबू. आत साधारण एका मोठ्या पाटाएवढी जागा, पाय पसरले की पडद्याला लागतात. कसंही बसा, मांडी घाला, भिंतीला टेका, पण आडवं व्हायचं नाही. सकाळी सहाच्या आत सुरू, रात्री नऊपर्यंत. जेवण ताटात पडद्याआड येतं, जेवताना आधी येऊन गेलेल्या लोकांच्या नाइकानच्या टेप लावतात. संडासला, आंघोळीला जातानासुद्धा विषय सोडायचा नाही. खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात एक बाई बसलेल्या, त्यांच्या फक्त सपाता पाहिल्या आठवडाभर.

दर दीड-दोन तासांनी सेन्सेई येतात. बाहेर गुडघ्यावर बसतात, पडद्याला नमस्कार करतात (मला आतून फक्त कापडाची सळसळ ऐकू यायची), पडदा उघडतात, परत वाकतात, आपणही वाकायचं. मग विचारतात, या वेळात आपण कोणाच्या संदर्भात, कधीच्या स्वतःला तपासलंत? आणि आपण सांगायचं: आईच्या संदर्भात, पहिली ते तिसरीतल्या मला तपासलं, तिने माझ्यासाठी हे केलं, मी तिला हे परत दिलं, माझ्यामुळे तिला हा त्रास झाला. चार-पाच मिनिटं. ते ऐकतात, पुढे काय तपासणार विचारतात, आभार मानतात, पडदा बंद. सल्ला नाही, समजूत नाही, "अरेरे" नाही, "छान" नाही. पहिल्या दिवशी मला हे इतकं विचित्र वाटलं की एवढे पैसे घेऊन हा माणूस करतो काय!

पहिल्या फेरीला मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं की आईने माझ्यावर खूप माया केली, संस्कार दिले, कष्ट उपसले. सेन्सेई थांबले. म्हणाले, त्यातलं एखादं काम सांगता का, कोणत्या वेळचं. आणि मला एकही सांगता येईना. अहो, चाळीस वर्षांजवळ आलेली बाई मी, मातृदिनाला इन्स्टाग्रामवर पोस्ट टाकणारी, आणि आईने पहिलीत असताना माझ्यासाठी केलेली एक गोष्ट, तारखेनिशी नको, पण ऋतूनिशी तरी, सांगता येत नव्हती. माया-संस्कार-कष्ट हे आपण भाषणात म्हणतो. त्यात आई कुठेच नसते.

दुसरी अडचण भाषेची, आणि तीच शेवटी कामाला आली. जपानी मी पुण्यात शिकले, एन-टू (जपानीच्या परीक्षेची वरून दुसरी पातळी) आहे माझं, ऑफिसात भांडण्याइतकं येतं. पण ते नाइकानला पुरत नाही. मराठीत मला सबबी सांगता येतात, "म्हणजे कसं झालं माहितीये का, तेव्हा परिस्थितीच अशी होती" हे मी अर्धा तास घोळवू शकते. जपानीत माझ्याकडे फक्त क्रियापदं आहेत. आईने शिवलं. मी मागितलं. आईने दिलं. मी खोटं बोलले. एवढंच सांगून गप्प व्हावं लागायचं आणि ते वाक्य तसंच उघडं राहायचं पडद्यात, त्याच्यावर घालायला काही नसायचं.

आई फॉल-पिकोचं करायची. पुढच्या खोलीत मशीन, दाराला पाटी, लग्नसराईत साड्यांची चळत गुडघ्याएवढी. मशीनवर पिको व्हायचं, फॉल मात्र हाताने, खालच्या काठाला बारीक टाका, वरून दिसला नाही पाहिजे. रात्री ट्यूबलाइटच्या खाली पाय पसरून बसायची आणि मला हाक मारायची, सुई ओवून दे गं. तिला जवळचं दिसेनासं झालं होतं आणि चष्मा तिने फार उशिरा केला. मी एकदम चार-पाच सुया ओवून उशीला टोचून ठेवायचे म्हणजे परत हाक नको. दुसऱ्या प्रश्नाला, मी काय परत दिलं, याला चौथी ते सातवीच्या काळात माझ्याकडे हे एकच उत्तर निघालं. सुया ओवून दिल्या. आणि तेही हाक टाळायला. इतका वेळ शोधून दुसरं काहीच मिळालं नाही, आणि सेन्सेईंनी तेवढ्यासाठीसुद्धा तसंच वाकून आभार मानले.

तिसऱ्या प्रश्नाला जास्तीत जास्त वेळ द्यायचा असतो, अर्ध्याहून जास्तच. तिथे मात्र माल भरपूर निघाला. एकच सांगते. सातवीला सहल होती, रत्नागिरी-गणपतीपुळे, तीनशे रुपये. तेव्हा एका साडीच्या फॉल-पिकोचे वीसेक रुपये मिळायचे. हा भागाकार मी तेव्हा केला नव्हता, मी गणितात बरी होते तरी. पंधरा साड्या. एका साडीचा काठ म्हणजे केवढा लांब आणि त्याला बोटाच्या पेराएवढ्या अंतराने टाका, अशा पंधरा. आणि सहलीहून आल्यावर तिने विचारलं कशी झाली, तर मी म्हटलं, काही खास नाही, बोअर. कारण मैत्रिणीशी भांडण झालेलं. हे मला पडद्याआड अगदी काल घडल्यासारखं दिसलं, तिच्या हातातली माझी ओली चप्पल, वाळू झाडत होती ती उंबऱ्यावर, आणि "बोअर" ऐकून परत वाळू झाडायला लागली.

मध्येच एक विषय देतात, खोटं आणि चोरी. माणूस नाही, विषय. जन्मापासून आत्तापर्यंत बोललेली खोटी आणि केलेल्या चोऱ्या. यावर फार लिहीत नाही, देवघरातली चिल्लर, शाळेतला खडू, ऑफिसातली सिक लीव्ह, सगळ्यांचं असतं तसंच. फक्त एक, चोरी म्हटल्यावर मला वाटलं दहा मिनिटांत संपेल आणि संध्याकाळ झाली तरी संपली नाही.

आणि एक असतो खर्चाचा हिशोब, तुम्हाला वाढवायला किती खर्च आला तो काढा. कागद-पेन्सिल मिळते. मी फी, पुस्तकं, दवाखाना पटापट मांडलं आणि डब्याजवळ अडकले. वर्षाला दोनशेच्या वर शाळेचे दिवस, दहा वर्षं, म्हणजे दोन हजार डबे. एका डब्याला अर्धा तास धरला तर हजार तास. आठ तासांची शिफ्ट धरली तर सव्वाशे दिवस, सुट्टी न घेता, फक्त माझा डबा. दादाचा वेगळा. आम्ही ऑफिसात मॅन-डे काढतो प्रोजेक्टचे, त्यामुळे मला हा आकडा नुसता आकडा वाटला नाही, मी क्लायंटला याचं किती बिल लावलं असतं ते पण मनात आलं, आणि हसू आलं एकटीला. कृतज्ञता ही मी आजवर मनात दाटून यायची गोष्ट समजत होते. दाटून आली तर आहे, नाही आली तर नाही. इथे कळलं की ती मोजायला बसलं की येते, आणि मोजलं नाही तर आपण जे काय मनात आणतो ते बऱ्याचदा स्वतःचंच कौतुक असतं, बघा मी किती हळवी.

पण हे सगळं गोड गोड झालं असं समजू नका. आठवड्याच्या मधोमध मला भयंकर राग आला. कारण चौथा प्रश्न नाहीये. त्या माणसाने मला काय त्रास दिला, हा प्रश्न मुद्दाम ठेवलेला नाही, का तर तो आपण न सांगताच आयुष्यभर सोडवत असतो. हे मला पटतं, माझ्या बाबतीत अगदी खरं आहे, दादाला काय मिळालं आणि मला काय नाही याची यादी मी झोपेतसुद्धा म्हणू शकते. तरी त्या दिवशी मी सेन्सेईंना म्हटलं की माझ्यावर अन्याय झालाय, त्याचं काय? ते म्हणाले, झाला असेल. आणि मग, पुढे कोणता काळ तपासणार? इतकी चिडले मी की दुपारचं ताट तसंच परत पाठवलं. (संध्याकाळी तेही तिसऱ्या प्रश्नात घालावं लागलं, काकूंच्या संदर्भात, कोंबूच्या पाण्यासकट.)

माझं मत विचाराल तर ही पद्धत सगळ्यांसाठी नाही. ज्याला लहानपणी खरोखर मारहाण झालीये, ज्या बाईने नवऱ्याचा मार खाल्लाय, तिला "तुझ्यामुळे त्याला काय त्रास झाला" विचारणं मला बरोबर वाटत नाही, निदान आधी तिचं दुसरं काही ऐकून घेतल्याशिवाय तरी नाही. आपल्याकडे तर बायकांना आधीच अर्ध्या गोष्टी आपल्याच चुकीने झाल्या असं वाटत असतं. पण माझ्यासारखे, ज्यांचं दुःख खरं आहे पण त्याच्यावर बसून बसून ज्यांनी ते फुगवून ठेवलंय, त्यांना याची टोचणी बरी पडते.

आता मुख्य गोष्ट, जपानी शिकायला मी पुण्याला गेले तो काळ. बी.कॉम. झालेलं, बाबा म्हणायचे बँकेच्या परीक्षा दे, जपानीचं काय खूळ. क्लासची फी, पुण्यात राहायचा खर्च. आईने बाबांना सांगितलं की मुलींना सवलत मिळालीये, निम्मीच भरायचीये. सवलत वगैरे काही नव्हती, पूर्ण फी भरली होती, पावती माझ्याकडे होती. आणि त्याच महिन्यात तिने काकूला सांगितलेलं मी ऐकलं होतं की भिशी उचलली, लिलावाची होती, पहिल्याच महिन्यात तोट्यात बोली लावून घेतली. हे मला सगळं माहिती होतं. नवीन काहीच आठवलं नाही मला तिथे, गंमत ही आहे. फक्त माझ्या डोक्यात ती गोष्ट "मी बाबांच्या विरोधात जाऊन जपानी शिकले" या नावाने ठेवलेली होती, लोकांना सांगायचे पण तशीच, स्वतःच्या पायावर उभी राहिलेली मुलगी. त्या गोष्टीत आई कडेला कुठेतरी डबा भरत होती. पडद्याआड जपानीत सांगायला गेले तेव्हा वाक्य असं झालं: आईने नवऱ्याशी खोटं बोलून पैसे भरले. मी गेले. कर्ता कोण ते भाषेनेच सांगून टाकलं. त्या फेरीला माझा आवाज नीट निघाला नाही आणि सेन्सेई नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ वाकलेले राहिले, किंवा मला तसं वाटलं.

मग बाबा. बाबांवर बसले तेव्हा फारसं काही निघालं नाही, अबोल माणूस होते, मी पण त्यांच्याशी अबोलच, हिशोब दोन्ही बाजूंनी कोरा. एवढंच की ते वारले तेव्हा मी विमानात होते आणि तिकिटाची तारीख मी एकदा पुढे ढकलली होती. मग दादा, मग इथली आधीची बॉस. सेन्सेईंनी विचारलं होतं लहानपणी घरात आणखी कोण होतं, मी म्हटलं आजी, बाबांची आई. तपासणार का? मी म्हटलं वेळ उरला तर. उरू दिला नाही मी. आजीचं माझं कधीच जमलं नाही, शिकून काय कलेक्टर होणारेस का, हे तिचं कायमचं वाक्य, आणि साय दादाच्या ताटात.

शेवटच्या दिवशी सकाळी सगळे पडदे घडी करून ठेवले, एकत्र बसून चहा, कोपऱ्यातल्या बाईंचा चेहरा पहिल्यांदा पाहिला. बाहेर पडल्यावर एक-दोन दिवस माणूस जरा येड्यासारखा होतो हे आधीच सांगून ठेवते, मी स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला इतक्या मनापासून थँक्यू म्हटलं की तो दचकला. ते उतरतं. राहतं ते रोजचं नाइकान, झोपायच्या आधी त्या दिवसापुरते तीन प्रश्न, आज कोणी काय केलं, मी काय दिलं, कोणाला ताप दिला. मी करते. म्हणजे आठवड्यातून निम्मे दिवस करते, उरलेले दिवस रील्स बघते. ज्या दिवशी करते त्या दिवशी अध्यात्मिक असं काही घडत नाही, फक्त दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये "मी एकटीच सगळं ओढतेय" हे वाक्य तोंडात आल्यावर जरा अडखळते, कारण आदल्या रात्री चार नावं लिहिलेली असतात.

आईला फोन घरी आल्यावर लगेच नाही केला. फार तयारी करून केला, काय बोलायचं ते लिहून. भिशीचं काढलं, म्हटलं आई, माझ्यासाठी तू तेव्हा भिशी तोट्यात उचललीस आणि बाबांशी खोटं बोललीस, मी कधी तुला त्याबद्दल काही म्हटलंच नाही.

ती म्हणाली, कुठली भिशी?

मी सांगितलं, ती, मी पुण्याला गेले त्या वर्षीची.

"अगं ती मागच्या पडवीचे पत्रे उडालेले त्याला उचलली होती. तुझ्या जपानीला कुठली भिशी पुरतीय. ते पैसे सासूबाईंनी दिले."

मी म्हटलं, कोणी?

"तुझ्या आजीनं गं. पेन्शनीतनं साठवलेले, आजोबांच्या. मला म्हणाल्या माझं नाव घेऊ नको कुठं, नाहीतर धाकट्याची पोरं पण येतील दारात हात पसरून. म्हणून तर ह्यांना सवलतीचं सांगितलं."

मला काय बोलावं कळेना. म्हटलं, मग इतकी वर्षं मला का नाही सांगितलंस? तर म्हणे, तू कधी विचारलंस? आणि मग, जेवलीस का, तिकडं किती वाजलेत, आणि कागदाचं काय केलंस?

कागदाचं अजून काही केलेलं नाही. सही मी केलेली नाही आणि आत्ता तरी करणार नाही. हे आईला तिथेच सांगितलं, न ओरडता, पंधरा साड्या आणि दोन हजार डबे डोक्यात ठेवून सांगितलं, तरी सांगितलं. तिला राग आला. चार दिवसांनी स्वतःहून फोन केला आणि गवारीचा भाव सांगत बसली, म्हणजे अगदीच तुटलेलं नाही.

राहिला प्रश्न आजीचा. तो आता मी घरीच करतेय, शनिवारी सकाळी, कपाटाकडे तोंड करून, पडद्याऐवजी कपडे वाळत घालायचा स्टँड. पण आजीच्या बाबतीत माझ्याकडे माहितीच नाही, साय आणि कलेक्टर एवढंच. म्हणून आत्याला फोन लावला. विचारलं, मी शाळेत जायच्या आधी आजी माझ्यासाठी काय करायची? आत्या म्हणाली, तुझी आई मशीनवर असायची, तुला तेल लावून आंघोळ कोण घालत होतं वाटलं तुला? आणि मग घसरलीच, आजीने तिला कसं सातवीतनं शाळेतून काढलं, लग्नात कसं कमी दिलं, धाकट्या काकाचे कसे लाड केले. मी जरा थांबवून म्हटलं, ते राहू दे आत्या, तिने तुझ्यासाठी काय केलं ते आठवतंय का काही? तर म्हणाली, मला शिकवू नको, आठला माझी सिरीयल लागते, आणि ठेवला फोन.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला, मागे कुकरच्या शिट्ट्या. आजीबद्दल तीन गोष्टी होत्या त्यात. दोन आत्याच्या होत्या, त्या तिच्या तिने बघाव्यात. एक माझी होती, गोवर आला तेव्हाची, ती तेवढी वहीत उतरवून घेतली.